तीन दशांशांची स्वारी

स्वारीच्या तोंडून 'माहीत नाही' असं कधी निघत नाही. भिंतीचं घनफळ विचारा, लगेच उत्तर हजर: 38.417 घनमीटर. भिंत आम्ही टेप लावून मोजलेली असो, नाहीतर शेजारच्या काकूंनी 'असेल दीडेक फूट' म्हणून सांगितलेली असो, स्वारीचा आवाज तोच आणि दशांशही तीनच. अशी माणसं आपल्याला लग्नाकार्यात भेटतात आणि आपण त्यांच्यापासून दोन हात लांब बसतो. सॉफ्टवेअरमध्ये मात्र हाच स्वभाव गुण म्हणून विकला जातो.

स्वारीचा मुक्काम पनवेलला, स्टेशनाजवळच्या आमच्या छोट्या कचेरीत. नकाशे, मोजमापं आणि बिलं हा आमचा धंदा. स्वारी म्हणजे बिम, लांबलचक नाव बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग. साध्या नकाशात दोन समांतर रेघा ओढल्या की भिंत होते, पण ती भिंत आहे हे बघणाऱ्याला कळतं, रेघांना नाही. स्वारीला ते कळतं. ही भिंत विटांची, जाडी 230 मिलिमीटर, पहिल्या मजल्यावरची, हिच्यात एक दार, आतून 12 मिलिमीटर गिलावा आणि बाहेरून 20. दार फूटभर सरकवलं की भिंतीतली मोकळीक सरकते, छेदचित्र बदलतं, दारं-खिडक्यांचा तक्ता बदलतो. पूर्वी एक दार सरकलं की पाच नकाशे खोडायला लागायचे, आणि सहावा हमखास राहायचा. तो सहावा नकाशा साईटवर जायचा. हे ज्याने भोगलंय त्याला स्वारीचं कौतुक वेगळं सांगायला नको.

घराणं तसं जुनं आहे. नकाशांच्या ऐवजी संगणकातच इमारतीचं वर्णन ठेवावं, ही कल्पना अमेरिकेतल्या चार्ल्स ईस्टमन यांनी 1975 साली मांडली. हंगेरीत, साम्यवादी राजवटीतल्या बुडापेस्टमध्ये, ग्राफिसॉफ्ट नावाची कंपनी 1982 साली निघाली. तिचं आर्किकॅड ॲपलच्या लिसा संगणकावर 1984 मध्ये चालू लागलं. आपल्याकडे जास्त दिसतं ते रेव्हिट. ते बाजारात आलं 2000 साली, आणि दोनच वर्षांनी ऑटोडेस्कने 13 कोटी 30 लाख डॉलर मोजून ते विकत घेतलं. वंशावळ इथेच थांबवतो. स्वारीला स्वतःलाही त्यात रस नाही. तिला फक्त नवी आवृत्ती माहीत असते.

पहिल्या भेटीला स्वारी नेहमी नटूनथटून येते. विकणाऱ्याच्या लॅपटॉपवर एक काचेची उंच इमारत उघडते. कॅमेरा जिन्यावरून वर चढतो, छत अलगद उचललं जातं, आत निळे-लाल पाइप चमकतात. साहेब खुर्चीत पुढे सरकतात. त्या इमारतीचे सगळे कोपरे काटकोनात, सगळे मजले सारखे, आणि तिच्यात आजवर कुणी राहायला गेलेलं नाही. सॉफ्टवेअरच्या परवान्यांचं नूतनीकरण जवळ आलं तेव्हा कचेरीत ठरलं की विकणाऱ्याची इमारत बघायची नाही, आपली द्यायची. उमेदवार सॉफ्टवेअरं तीन होती; तिन्हींना एकच. आणि ती पनवेलमधली नवी सोसायटी नको, कारण सरळ भिंती कुणीही काढतं. द्यायचं आपट्याचं घर.

आपटा हे आमचं गाव, पनवेल तालुक्यातलं, पाताळगंगेच्या काठचं. रोह्याच्या गाडीने पनवेल सोडलं की सोमाटणे, रसायनी आणि मग आपटा. नदी उन्हाळ्यातही वाहती असते, कारण खोपोलीला टाटांच्या वीजघरातून सुटलेलं पाणी तिला मिळतं. बाहेरच्या लोकांना गाव माहीत असतं ते स्टेशनामुळे. 1995 च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मधला धावत्या गाडीचा शेवट याच फलाटावर चित्रित झाला. सिनेमावाल्यांना स्टेशनाचं रूप हवं असतं. गाडी किती वाजता येते हा प्रश्न आपटेकरांचा. सॉफ्टवेअरची पारख करताना आपण कुठल्या बाजूने बघतोय हे आधी ठरवलेलं बरं.

घर जुन्या आळीतलं. जोतं दगडाचं, भिंती दगडमातीच्या, खाली पावणेदोन फूट आणि वर जाता जाता बारीक होत गेलेल्या. सागाच्या तुळया, वासे, रीपा, वर मंगलोरी कौलं. ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागची पडवी. एकही कोपरा नव्वद अंशांचा नाही. माजघराचे दोन कर्ण मोजले तर एक दुसऱ्याहून चार बोटं जास्त भरतो. गवंड्याने कुठेतरी दोरी ढिली सोडली असणार. घराला त्याचं काही वाटलं नाही. ते तीन पिढ्या उभं आहे.

स्वारीला मात्र वाटलं. आधी तर निमुळती भिंतच तिला रुचेना. यात तिचा एकटीचा दोष नाही. रेव्हिटसारख्या नावाजलेल्या सॉफ्टवेअरमध्ये भिंत तिरकी उभी करायची सोय 2021 च्या आवृत्तीत आली आणि खाली जाड, वर बारीक अशी भिंत 2022 च्या आवृत्तीत. म्हणजे जन्मानंतर वीस वर्षांनी. ज्या देशात रेव्हिट घडलं तिथे बहुधा भिंत म्हणजे लाकडी सांगाडा आणि वर फळ्या; तिथल्या माणसाला निमुळती भिंत सुचायला वेळ लागणारच. तोवर आमच्यासारख्यांनी भिंतीचे आडवे तुकडे करून एकावर एक ठेवले आणि घनफळाची बेरीज वहीत केली.

मग कोपरा. पहिल्या उमेदवाराने पिवळी पट्टी दाखवली: रेघ अक्षापासून किंचित ढळलेली आहे, पुढे चूक होऊ शकते. दाखवली, आणि आम्ही सांगितलं तसं काढलं. नव्या इमारतीत असा कोपरा म्हणजे खरोखरच चूक, तेव्हा ते टोकणं योग्यच. दुसऱ्याने चकार शब्द न काढता कोपरा नव्वद अंशांचा करून टाकला. तो चित्रात इतका छान दिसत होता की आमच्या कचेरीतल्या पोराला दोन दिवस पत्ताच लागला नाही; कर्ण मोजले तेव्हा ते सारखे निघाले आणि बिंग फुटलं. माझ्या मते त्या उमेदवाराची मुलाखत तिथेच संपली होती. भांडणारी स्वारी चालते, किरकिर करणारीही चालते. गुपचूप सुधारणा करणारी चालत नाही, कारण तिने आणखी काय काय सुधारलंय ते शोधायला आपल्याला आयुष्य पुरत नाही.

स्वारीचं जग खणाखणांचं आहे. भिंत, फरशी, छप्पर, खांब, तुळई, दार, खिडकी, फर्निचर, झाडं. प्रत्येक वस्तूने आपापल्या खणात बसायचं. ओटा कसाबसा फरशीच्या खणात गेला. चूल फर्निचर झाली. परसातल्या तुळशीवृंदावनाला मात्र खणच नव्हता. बांधलेलं म्हणावं तर त्यात झाड, झाड म्हणावं तर ते चुन्याचं. शेवटी ते 'इतर' मध्ये ढकललं. फाईल बाहेर काढताना 'इतर'मधल्या सगळ्या वस्तूंवर स्वारी एकच शिक्का मारते: प्रॉक्सी. म्हणजे काहीतरी आहे, काय ते विचारू नका. काकूंना गंमत म्हणून घर पडद्यावर दाखवलं, तर त्यांची नजर थेट परसात.

"तुळस दिसत्ये, पण हे वर काय लिहिलंय रे?"

"तिला नाव नाही काकू यांच्यात."

"नाव नाही? आणि ह्याला तुम्ही पैसे मोजता?"

काकूंच्या या प्रश्नातून आम्हाला एक माप मिळालं. फाईल बाहेर काढायची आणि तिच्यातले प्रॉक्सी मोजायचे. जितके जास्त, तितकं ते सॉफ्टवेअर आपल्या घराला कमी ओळखतं. यासाठी कसल्या महागड्या अहवालाची गरज पडत नाही. बाहेर काढायची ती फाईल आयएफसी नावाच्या खुल्या स्वरूपातली असते, कुठल्याही कंपनीच्या मालकीची नाही, आयएसओ 16739 या क्रमांकाने जगमान्य. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते. आत ओळीमागून ओळ: ही भिंत, हिचा क्रमांक, ही या मजल्याची, हे दार या भिंतीतलं. वाचायला रुक्ष, पण स्वारी खाजगीत काय बोलते ते इथे कळतं. पडद्यावर सुंदर दिसणारी खिडकी इथे कधी कधी नुसती त्रिकोणांची रास निघते. ना उंची, ना रुंदी, ना भिंतीशी नातं.

तीन दशांशांचं दुखणं आम्ही आमच्यापुरतं मिटवलं. प्रत्येक वस्तूला एक जादा रकाना दिला, 'खात्री'. त्यात तीनच नोंदी: मोजलं, विचारलं, गृहीत. मग त्यावरून रंग दिले. मोजलं ते हिरवं, विचारलं ते पिवळं, गृहीत ते लाल. घर समोर आलं ते बरंचसं लाल. भिंतींची जाडी दाराच्या चौकटीपाशीच मोजता आली होती. बाकी लांबीभर ती तेवढीच असणार, हे आमचं म्हणणं. पाया किती खोल, देव जाणे. आतापर्यंत हे सगळं त्याच करड्या रंगात, त्याच तीन दशांशांत, शेजारी शेजारी बसलं होतं. या धंद्यात मॉडेलच्या तपशिलाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, 100 पासून 500 पर्यंत, आणि 500 म्हणजे जागेवर जाऊन पडताळलेलं. आमच्याकडे येणाऱ्या मॉडेलांवर 300 चा शिक्का असतो आणि खात्री 100 ची. चांगलं सॉफ्टवेअर हा रकाना करू देतं, त्यावरून रंग देऊ देतं आणि फाईल बाहेर जाताना रकाना सोबत पाठवतं. तिसरी गोष्ट फार थोड्यांना जमते.

आता पैशांचं. कारण स्वारी कितीही देखणी असली तरी ठेकेदाराचं बिल तिच्या देखणेपणावर निघत नाही.

भारतात बांधकाम मोजायचं कसं याचं मानक आहे, आयएस 1200. त्याचे बरेच भाग आहेत आणि ते सगळे माणसाने टेप घेऊन मोजायचं या हिशेबाने लिहिलेले आहेत. विटकामात 0.1 चौरस मीटरपर्यंतच्या मोकळ्या जागेची वजावट करायची नाही. संडासाचं फूटभराचं हवेचं भोक, 30 गुणिले 30 सेंटिमीटर, म्हणजे 0.09 चौरस मीटर. नियमाने ते भरलेलंच धरायचं, कारण भोक सोडायला गवंड्याला भिंत भरण्याहून जास्त वेळ लागतो. स्वारी ते वजा करते. गिलाव्याचा नियम आणखी मजेशीर. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंतची खिडकी असेल आणि दोन्ही अंगांना एकच गिलावा असेल, तर वजावट एकाच अंगाची करायची, आणि खिडकीच्या कडांचा गिलावा वेगळा मोजायचा नाही. कडांचा गिलावा न केलेल्या वजावटीत जिरवलेला आहे.

करून बघा. भिंत चार मीटर लांब, तीन मीटर उंच; दोन्ही अंगं मिळून 24 चौरस मीटर. खिडकी 1.2 गुणिले 1.2, म्हणजे 1.44. एमबीत, म्हणजे मोजमाप वहीत, जाणार 22.56. स्वारी दोन्ही अंगांतून खिडकी काढते आणि सांगते 21.12. कोण खोटं बोलतंय? कुणीच नाही. भिंतीवर त्या क्षणी किती सपाट गिलावा आहे ते स्वारी सांगते. ठेकेदाराला किती पैसे द्यायचे ते मानक सांगतं. एका खिडकीमागे दीड चौरस मीटरच्या आसपास फरक, आणि दोनशे खिडक्यांची इमारत. स्वारीचा आकडा जसाच्या तसा बिलात घातला तर ठेकेदार कचेरीत येऊन बसतो, आणि तो बरोबर असतो.

म्हणून मोजमापाच्या बाबतीत सॉफ्टवेअर अचूक आहे का, हा प्रश्न अपुरा पडतो. अचूक ते असतंच. आपला नियम त्याला शिकवता येतो का, आणि शिकवल्यावर प्रत्येक आकडा कुठून आला ते उलगडून दाखवतं का, हे विचारायचं. एका उमेदवारात वजावटीचा नियम लिहायची सोय होती; किचकट, पण होती. दुसऱ्यात आकडा नुसता 'येत' होता. कसा, विचारलं तर मदतकेंद्रातून उत्तर आलं की प्रणाली आपोआप गणना करते. आपोआप!

हीच गत कार्पेट एरियाची. रेरा कायद्याच्या 2016 च्या व्याख्येप्रमाणे बाहेरच्या भिंती त्यात धरत नाहीत, बाल्कनी धरत नाहीत, पण आतल्या पडद्या भिंतींची जागा धरतात. स्वारी खोलीचं क्षेत्रफळ भिंतीच्या आतल्या कडेपासून देते. सगळ्या खोल्यांची बेरीज केली की पडद्या भिंतींची जागा गळते. वन बीएचकेत तो फरक छोटा दिसतो, पण पनवेलचा चौरस फुटाचा भाव डोळ्यासमोर आणा. आणि नोंदणीच्या कागदावर चुकीचा आकडा गेला तर बिल्डर सॉफ्टवेअरला कोर्टात उभं करू शकत नाही.

मग आम्ही मॉडेलातल्या आपट्याच्या घराचं जोतं उचललं. पावसाळ्यात पाताळगंगा फुगली की आळीतल्या लोकांची नजर पायरीवर असते, तेव्हा प्रश्न कल्पनेतला नव्हता: जोतं दीड फुटाने वर घेतलं तर काय काय हलतं? बदल हा स्वारीचा खरा प्रांत. दारं, खिडक्या, तुळया, सगळं एका दमात वर गेलं. ओटीच्या पायऱ्या तीन होत्या त्या सहा झाल्या. छेदचित्रांतली मापं बदलली. एका उमेदवाराचं छप्पर मात्र होतं तिथेच राहिलं, आणि भिंती कौलांतून वर डोकावू लागल्या. छप्पर वेगळ्या पातळीला बांधलं गेलं होतं आणि याबद्दल स्वारीने अवाक्षर काढलं नव्हतं. तिन्हींमध्ये एक गोष्ट सारखी झाली. कुणीतरी हाताने टाइप केलेली 'जोतं 0.75 मी.' ही टीप जशीच्या तशी राहिली. हाताने लिहिलेलं स्वारी वाचत नाही.

टक्कर शोधणं हा तिचा आवडता उद्योग. पाइप तुळईत घुसतोय, वायरिंगची ट्रे दारावर येते, असलं ती रात्रभर शोधते आणि सकाळी यादी हातात ठेवते. यादी एवढी लांब की वाचणाराच गळतो, कारण पाइपवरचं आवरण टांगणीला टेकलं तरी तिच्या लेखी तीही टक्करच. 'लांडगा आला रे' रोज ओरडलं की खरा लांडगा यादीतच राहतो. तिची ही विद्या तपासायला आम्ही एका चालू कामाच्या मॉडेलात मुद्दाम चुका पेरल्या. तुळईतून जाणारा पाइप तिने क्षणात धरला. एकावर एक ठेवलेले दोन खांबही धरले. ते मोजणीत दुप्पट कॉंक्रीट खातात म्हणून हे महत्त्वाचं. खांबाला अडून अर्धंच उघडणारं दार मात्र कुणालाच सापडलं नाही, कारण दार उघडण्याची जागा तिच्या लेखी नुसती रेघ, घन वस्तू नव्हे. आमच्या मिस्त्रींनी तो नकाशा दुरून बघितला आणि विचारलं, "साहेब, ह्या घरात कपाट कुठून नेणार?"

सर्व्हेची फाईल आली की स्वारीचे हात थरथरतात. हे शब्दशः. आपल्या भागातले जागतिक निर्देशांक घेतले तर उत्तरेकडचा आकडा वीस लाख मीटरच्या पुढे जातो. रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरला मूळबिंदूपासून 16 किलोमीटरच्या आत राहायची सवय. त्यापलीकडे गोल रेघा दातेरी होतात आणि मापं बिघडायला लागतात. पातळी, दिशा आणि मूळबिंदू नीट बांधून घेणं हे कंटाळवाणं काम आहे, प्रात्यक्षिकात कुणी दाखवत नाही, आणि रस्ता, नाला नि इमारत वेगवेगळ्या फाईलींतून एकत्र येतात तेव्हा सगळं यावरच अवलंबून असतं.

स्वारीच्या भाड्याबद्दल बोलायलाच हवं. पूर्वी सॉफ्टवेअर एकदा विकत घ्यायचं आणि जुनं झालं तरी वापरायचं. 2016 पासून ऑटोडेस्कने कायमचे परवाने विकणं टप्प्याटप्प्याने थांबवलं. आता वर्षाचं भाडं. बहुतेकांनी तोच रस्ता धरला. त्यात नव्या आवृत्तीत जतन केलेली रेव्हिटची फाईल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, म्हणजे भागीदाराने नवी घेतली की तुम्हालाही घ्यावी लागते. हे दुखणं पनवेलच्या गल्लीतलंच आहे असं नाही. जुलै 2020 मध्ये ब्रिटनमधल्या मोठमोठ्या वास्तुविशारद कचेऱ्यांनी ऑटोडेस्कला जाहीर पत्र लिहिलं: भाडं वाढतंय, रेव्हिट मात्र त्या मानाने पुढे सरकत नाही. सह्या करणाऱ्यांत झहा हदीद आर्किटेक्ट्सही होते. आपल्या तालुक्यातल्या नवी मुंबई विमानतळाची कमळाच्या आकाराची इमारत ज्यांच्या हातची, तेच. 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालेल्या त्या इमारतीचं छप्पर बघा आणि मग विचार करा, एवढ्या पोचलेल्या माणसांनाही स्वारीशी पत्राने भांडावं लागतं.

म्हणून सोडून जाण्याची परीक्षा आम्ही सगळ्यात कडक ठेवली. आपट्याचं घर आयएफसीत बाहेर काढायचं, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचं आणि परत आणायचं. फुकट मिळणारं फ्रीकॅड या कामी चांगलं पडतं. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याची 1.0 आवृत्ती आली आणि तिच्यात बिमची सोय आहे. भिंती बहुधा परत येतात. दारं येतात, पण कधी भिंतीला सोडून. आणि आमचा 'खात्री'चा रकाना? आयएफसीच्या फाईलीत देवनागरी अक्षरं संकेतांकांत लिहिली जातात. 'ख'च्या जागी 0916 असतं. नियमाप्रमाणे लिहिलं आणि वाचलं तर पलीकडे पुन्हा 'खात्री' उमटतं. एका उमेदवाराकडे ते उमटलं. एकाकडे चौकोन आले. एकाने रकानाच गाळला, आणि शेवटी संदेश दिला की निर्यात यशस्वी झाली.

एवढं वाचून कुणाला वाटेल की टेप आणि वही बरी होती. नव्हती. मोठ्या कामात स्वारीशिवाय निभाव लागत नाही. नागपूर मेट्रोत महामेट्रोने पाच मितींचं बिम वापरलं: तीन मिती आकाराच्या, चौथी वेळेची, पाचवी पैशांची. बेंटलीची मॉडेलं, प्रिमाव्हेराचं वेळापत्रक, आरआयबीचं आयटू आणि हिशेबाला सॅप, असा तो संसार होता. मार्च 2019 मध्ये तिथे गाडी धावू लागली. अशा ठिकाणी एकटं कुठलंच सॉफ्टवेअर चांगलं किंवा वाईट नसतं. नकाशातला खांब, वेळापत्रकातला खांब आणि बिलातला खांब एकाच क्रमांकाने ओळखला जातो का, त्यावर सगळं चालतं. त्या सांध्यांत स्वारी खरी राबते, आणि तिथलं तिचं काम कुठल्याच प्रात्यक्षिकात दिसत नाही.

आम्ही तिघांतून ठेवली ती पिवळी पट्टी दाखवणारी. ती हळू चालते, चित्रं तिची बेतास बात, आणि सकाळी मोठी फाईल उघडायला सांगितली की चहा होऊन कप विसळून होतो. पण टोकते, आकडा कुठून आला ते सांगते आणि 'खात्री' परत आणते. बिलं अजून एमबीतूनच जातात. तिचा आकडा शेजारी लिहितो, आणि फरक पाच टक्क्यांच्या वर गेला की दोन्ही पुन्हा तपासतो. चूक बहुतेक वेळा माणसाची निघते, हेही सांगून टाकतो.

तुमच्या कचेरीत असं काही घ्यायचं चाललं असेल, तर विकणाऱ्याला लॅपटॉप मिटायला सांगा. त्याच्या हातात तुमचं एखादं वाकडं जुनं घर द्या, पूर्ण झालेल्या एका कामाची एमबी द्या, आणि आठ दिवसांनी दोन गोष्टी मागा: एमबीशी जुळणारी मोजणी, आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी फाईल. यातलं एकही द्यायला तो तयार नसेल, तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका.